गन शोचं तिकीट वसूल होतं का?

अमेरिकेत टेक्सास, ओक्लाहोमा, ओहायोसारख्या राज्यांत गन शो, म्हणजे बंदुका-काडतुसांच्या विक्रीचे मेळावे, भरायला फारसं निमित्त लागत नाही. जत्रेच्या मैदानावरचा हॉल, टेबलांच्या रांगा, दारावर 12 ते 20 डॉलर तिकीट, पार्किंगचे पैसे वेगळे. हे पैसे वसूल होतात का, हे तुम्ही काय घ्यायला जाताय त्यावर ठरतं. खोक्यातलं नवं कोरं पिस्तूल हवं असेल तर जाऊ नका. तेच मॉडेल ऑनलाइन मागवून गावातल्या परवानाधारक दुकानात उतरवून घेतलं, तर दुकानदार 25 ते 50 डॉलर घेतो आणि तरीही बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

काडतुसांचा हिशोब खोक्यावर न करता गोळीमागे सेंटवर करा. समजा शोमध्ये गोळीमागे 2 सेंट वाचले. तिकीट आणि पार्किंगचे मिळून 30 डॉलर गेले असतील, तर ते भरून निघायला 1,500 गोळ्या घ्याव्या लागतील. 9 मिलिमीटरच्या हजार गोळ्यांचं वजन 12 किलोच्या आसपास भरतं, म्हणून ऑनलाइन घेताना पाठवणीचा खर्च धरायचा. तेवढ्यापुरता शोला फायदा आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेली, घरी पुन्हा दारू भरलेली काडतुसं मात्र कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. दारू दुप्पट पडली आहे का, हे बाहेरून कळत नाही आणि त्यात नळीच फुटू शकते. खिशात लहान लोहचुंबक ठेवा. गोळी त्याला चिकटली तर आत किंवा आवरणात पोलाद आहे, आणि बऱ्याच बंदिस्त रेंजवर ती चालत नाही.

तिकीट खरं वसूल होतं ते जुन्या रायफलींच्या टेबलावर. जुनी रायफल फोटोवरून घेणं म्हणजे जुगार. इथे ती हातात घेता येते, आणि प्रत्येक नगाची स्थिती वेगळी असल्यामुळे ते फार मोलाचं आहे. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली 2ए1 रायफल या टेबलांवर अजून दिसते. जुन्या ब्रिटिश लष्करी ली-एनफिल्ड रायफलीचाच घाट, पण 7.62 नाटो काडतुसासाठी बनवलेली, 12 गोळ्यांचं मॅगझिन. नेम धरायच्या मागच्या दृष्टीवर (साइटवर) अंतराचे आकडे 800 पर्यंतच असतात आणि मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला आडवा स्क्रू असतो.

टेबलवाल्याला विचारून बोल्ट (काडतूस आत ढकलणारा मागचा दांडा) काढा आणि मागून छोटा दिवा धरून नळीत पुढून बघा. आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा) तोंडापर्यंत धारदार हवेत. दोरीने नळी साफ करताना दोरी एका बाजूला घासते, त्यामुळे तोंडाशी भोक लंबगोल होतं आणि मग नेम लागत नाही. बोल्टवरचा क्रमांक रिसिव्हरवरच्या (नळी जिथे बसते त्या लोखंडी चौकटीवरच्या) क्रमांकाशी जुळवून बघा. जुळत नसेल तर बोल्ट नंतर बदललेला आहे. मग गेजने हेडस्पेस (बोल्ट आणि काडतुसाच्या बुडातली जागा) तपासल्याशिवाय ती रायफल उडवायची नाही. ‘डीपी’ असा छाप असेल तर ती कवायतीची रायफल, उडवायची नाहीच. गंज लाकडाच्या आड लपतो, म्हणून लाकूड आणि लोखंड मिळतात त्या रेषेवर नख फिरवून बघा.

मूळ ली-एनफिल्डच्या जुन्या .303 काडतुसांच्या बुडावर कधी ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरं दिसतात. तो आपल्या पुण्याच्या खडकीच्या कारखान्याचा छाप. संग्रहासाठी जरूर घ्या. उडवणार असाल तर टोपीतल्या (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या प्रायमरमधल्या) रसायनामुळे नळीत क्षार राहतो हे लक्षात ठेवा. तेलाने तो विरघळत नाही. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवून, कोरडी करून मग तेल द्यायचं. चाप ओढून आवाज आला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून किमान 30 सेकंद थांबा. जुन्या दारूगोळ्यात बार उशिरा उडू शकतो.

सुटे भागही इथेच मिळतात: मॅगझिनची स्प्रिंग, दृष्टीचा स्क्रू, पट्ट्याची कडी. मोडलेला भाग सोबत न्या आणि टेबलावरच जुळवून घ्या.

कायद्याचं आधी वाचा. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर बघायला जाण्यात अडचण नाही, पण वैध शिकार परवान्यासारखी सवलत असल्याशिवाय बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. खासगी विक्रेत्याने कागद मागितला नाही म्हणून ही बंदी सुटत नाही, आणि गोष्ट थेट व्हिसावर येते. ग्रीन कार्डवाल्यांना घेता येतं. दुकानदाराकडून घेताना फॉर्म 4473 भरायचा, मग पार्श्वभूमीची तपासणी. पिस्तुलाला वय 21 लागतं, लांब बंदुकीला 18. खासगी व्यक्तीकडून दुसऱ्या राज्यातल्या माणसाने थेट घेणं बेकायदा आहे.

निवड हवी तर शनिवारी दार उघडताना जा. भाव पाडायचा तर रविवारी दुपारी, कारण उरलेला माल परत गाडीत चढवायचा टेबलवाल्यांना कंटाळा असतो. रोख रक्कम जवळ ठेवा. निघण्यापूर्वी टेबलांची संख्या विचारा. शंभर टेबलांच्या शोमध्ये चाकू, दागिने आणि सुकवलेलं मांसच जास्त असतं. तिथे तिकीट वाया जातं. ओक्लाहोमातल्या टल्साचा वानेनमाकर शो वर्षातून दोनदा भरतो, 11 एकरांवर 4,000 हून अधिक टेबलं. जुन्या रायफलींसाठी दुसऱ्या राज्यातून गाडी हाकत जावं असा हाच एक. तिथे दोन्ही दिवस हाताशी ठेवा, एका दिवसात निम्मंही बघून होत नाही.