पेटंट: सौद्याच्या कल्पनेवर की स्क्रीनवर?

लिलावाचं किंवा ट्रेडिंगचं सॉफ्टवेअर अमेरिकेत विकायचंय आणि पेटंटवर पैसे घालावेत का, असा प्रश्न पडला असेल तर दोन खटले शेजारी ठेवून बघा.

पहिला मर्कएक्स्चेंजचा. छोटी कंपनी, हातात पेटंटं. तिने २००१ मध्ये ऑनलाइन लिलाव चालवणाऱ्या ईबेवर दावा ठोकला. ठरलेल्या किमतीला लगेच माल घ्यायचं ‘बाय इट नाऊ’ बटण आपल्या पेटंटात बसतं, असं तिचं म्हणणं. २००३ मध्ये व्हर्जिनियातल्या ज्यूरीने ३.५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. बटण बंद पाडायचा हुकूम मात्र मिळाला नाही. पेटंटाचा भंग झाला म्हणजे मनाई हुकूम आपोआप मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं. २००८ मध्ये तडजोड झाली आणि ईबेने ती पेटंटंच विकत घेतली.

दुसरा शिकागोच्या ट्रेडिंग टेक्नॉलॉजीज या ट्रेडिंग-सॉफ्टवेअर कंपनीचा. इथली गोष्ट बारीक आहे, म्हणूनच मला जास्त कामाची वाटते. जुन्या स्क्रीनवर सगळ्यात चांगला भाव कायम एकाच ओळीत दिसे. तुम्ही क्लिक करता करता त्या ओळीतला आकडा बदलला, की ऑर्डर भलत्याच भावाला जाई. यांनी भावांचा रकाना स्थिर ठेवला आणि खरेदी-विक्रीचे आकडे त्याच्या बाजूने वरखाली सरकू दिले. या रकान्याच्या पेटंटांचा भंग केला म्हणून २००७ मध्ये ज्यूरीने इ-स्पीड या ट्रेडिंग कंपनीविरुद्ध ३५ लाख डॉलरची भरपाई ठरवली.

रक्कम पहिल्यात मोठी, पण आज टिकाव दुसऱ्याचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ‘ॲलिस’ निकालाने जुनी व्यवहारकल्पना नुसती संगणकावर चढवली तर पेटंट मिळत नाही, हे पक्कं केलं. स्थिर रकान्याची दोन मूळ पेटंटं त्यानंतरही, २०१७ मध्ये, तरली. त्याच कंपनीची दुसरी काही मात्र २०१९ मध्ये पडली: त्यांनी ट्रेडरची सोय होते, संगणकाची सुधारणा नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. भारतात तर पेटंट कायद्याचं कलम ३(के) व्यवसायपद्धतीला थेट बाहेर ठेवतं.

माझं विचाराल तर ‘लिलावाची नवी पद्धत’ म्हणून अर्ज करू नका. वकिलाकडे जाताना जुनी स्क्रीन आणि तुमची स्क्रीन दोन्ही चालवून दाखवा, आणि नेमकी कुठली क्लिक चुकायची थांबली तिथे बोट ठेवा. तसं बोट ठेवता आलं नाही, तर तो खर्च टाळा.