भंगारातला फॅन आणि रिलेची 85 नंबरची पिन

रेडिएटर गार करायला भंगारातून इलेक्ट्रिक फॅन आणायचा, तर तो कुठल्या गाडीचा काढावा यावर ऑफ-रोडवाली मंडळी रात्र जागवू शकतात. फोर्ड टॉरसच्या 3.8 लीटर इंजिनाचा दोन वेगांचा फॅन किती हवा ओढतो, हे तर आता सगळ्यांना पाठ आहे. मला विचाराल तर तो वाद निम्मा फुकटचा. फॅन श्राउडसकट (भोवतालच्या प्लास्टिकच्या आवरणासकट) मिळाला, हवा योग्य बाजूला फेकतोय आणि पाती रेडिएटरला घासत नाहीत, एवढं झालं की फॅनचा विषय संपला. खरा प्रश्न त्यानंतरचा: तो चालू-बंद कोण करणार?

मी तीन उत्तरं एकाच गाडीवर, एकाच फॅनसाठी वापरून पाहिली. डॅशबोर्डवरचं साधं बटण, गोल नॉबवाला नळीचा कंट्रोलर आणि आट्यांचा थर्मोस्विच, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप लागणारा स्विच. मोजमापं घेतली असं म्हणणार नाही. टेंपरेचरचा काटा आणि माझं नाक, एवढीच उपकरणं होती. तेव्हा पुढचं त्या हिशोबानं वाचा.

वायरिंगचा मोठा भाग तिन्हींत तोच असतो, तो आधी उरकतो. रिले म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, त्याच्या पिनांना नंबर असतात. 30 वर बॅटरीची जाड वायर, तिच्यात फ्यूज, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर. 87 वरून फॅन. 86 ला चावीवरून येणारा सप्लाय. फॅनची अर्थ वायर (निगेटिव्हची) गंजलेल्या चासीवर नको, तितक्याच जाड वायरनं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. फॅन सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट झटका घेतो, म्हणून मोठ्या फॅनला 30 अँपिअरचा साधा रिले लावू नका. त्याचे पॉइंट चिकटले की फॅन थांबतच नाही आणि सकाळी बॅटरी झोपलेली सापडते. उरली 85 नंबरची पिन. तिला अर्थ मिळाला की फॅन चालू. म्हणजे सगळी तुलना एवढ्यावर येते की हा अर्थ द्यायचा कोणी.

सुरुवात बटणापासून केली, बहुतेक जण करतात तशी. एक वायर, एक बटण, बिघडायला जवळपास काही नाही. पाण्यात उतरण्याआधी फॅन हातानं बंद करता येतो, आणि हा फायदा लहान नाही. पाण्यात पाती अडली की मोटर भरमसाट करंट खेचते आणि फ्यूज उडतो. पाती पाण्याच्या जोरानं वाकून रेडिएटरला लागू शकतात ते वेगळंच. तरीही हे बटण माझ्याकडे फार टिकलं नाही. अवघड चढावर लो रेंजमध्ये (फोर-व्हीलच्या संथ, ताकदीच्या गिअरमध्ये) गाडी रांगत असताना डोळे पुढच्या दगडावर असतात, काट्यावर नसतात, आणि नेमकी तेव्हाच समोरून हवा शून्य असते. मी स्वतः दोनदा विसरलो. तिसऱ्यांदा गाडी मित्राच्या हातात होती आणि बटणाचं त्याला सांगायचंच राहून गेलं. काटा लालमध्ये गेल्यावर त्याने अत्यंत शांतपणे विचारलं, "हे नॉर्मल आहे का रे?"

म्हणून नळीचा कंट्रोलर आणला. कल्पना छान आहे. तांब्याची बारीक नळी, तिच्या टोकाला बोटाएवढा बल्ब, बल्ब रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये (रबरी पाइपमध्ये) सरकवायचा, डब्यावरच्या नॉबनं तापमान ठरवायचं. रेडिएटरला भोक नको, आटे नकोत. तापमान बदलायचं तर नॉब फिरवला की झालं. बसवल्या दिवशी मी खूश होतो आणि फॅन अगदी वेळेवर लागला, हे कबूल करतो.

दुसऱ्या आठवड्यात रेडिएटरच्या वरच्या तोंडाखाली एक हिरवट थेंब दिसला.

बल्ब होजमध्ये जातो म्हणजे ती नळी होज आणि रेडिएटरच्या तोंडामधून बाहेर येते. गोल तोंडावर गोल होज, आणि मध्ये काडीपेटीतल्या काडीएवढी नळी. ती फट भरायला खाचेचं रबर मिळतं, पण कूलंट 1 बारच्या आसपास दाबाखाली असतं आणि त्याला सुईएवढी वाट पुरते. गाडी गरम असताना सगळं कोरडं, कारण रबर फुगलेलं. रात्री गाडी थंड झाली, रबर आकसलं की सकाळी थेंब. क्लिप आवळली, चार दिवस बरे गेले. मग दगडधोंड्यांतून एक फेरी झाली, इंजिन माउंटवर डोललं, होज हलला आणि पुन्हा थेंब. सिलिकॉन लावून पाहिलं, दोन फेऱ्या टिकलं. पुन्हा क्लिप आवळली तर होजच कापायला लागली.

गळणारं कूलंट तसं थोडंच होतं. महिन्याला कपभर, फार तर. त्रास वासाचा होता. गरम इंजिनावर सांडलेल्या कूलंटचा तो गोडसर वास ज्याला माहीत आहे, त्याला तो दुसरंही काही सांगतो: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, गेलं असेल. प्रत्येक मोठ्या चढानंतर वास आला की पोटात गोळा. बॉनेट उघडा, एक्झॉस्टला पांढरा धूर आहे का बघा, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ काही जमलंय का बघा. काहीच नसायचं, तोच थेंब असायचा. पण खरा बिघाड आणि हा थेंब यांचा वास सारखाच, त्यामुळे दुर्लक्ष करायचीही सोय नाही. थेंब एकवेळ सहन केला असता. रोजची ती शंका सहन होईना, आणि कंट्रोलर उतरवला तो त्यापायी.

रास्त सांगायचं तर काही जणांचे हेच कंट्रोलर वर्षानुवर्षं कोरडे राहिलेत. हात माझ्यापेक्षा नीट असेल, होज नवा असेल, किंवा गाडी माझ्याइतकी आपटत नसेल. होजऐवजी रेडिएटरच्या पात्र्यांत खुपसायचा प्रकारही मिळतो, त्यात गळतीचा प्रश्नच नाही. पण चिखल बसला की तो कूलंटपेक्षा चिखलाचंच तापमान सांगतो, असं मला वाटतं.

तिसरा थर्मोस्विच. खरं म्हणजे ज्या गाडीचा फॅन काढला तिच्याच रेडिएटरवर हा बसलेला होता आणि मी तेव्हा तो तिथेच सोडून आलो. षट्‌कोनी पितळी तुकडा, अंगावर दोन आकडे: 92/87. म्हणजे 92 अंशांना लागणार, 87 ला सुटणार. हे आकडे आपल्या इंजिनाच्या थर्मोस्टॅटशी (ठरावीक तापमानाला कूलंटला रेडिएटरची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हशी) जुळवून घ्यायचे असतात आणि बरेच जण इथेच फसतात. माझा थर्मोस्टॅट 82 चा आणि स्विच वरच्या होजवर, म्हणून जमलं. थर्मोस्टॅट 88 चा असता तर त्या जागी पाणी 87 पर्यंत उतरायचं मुश्किल, आणि फॅन अखंड फिरत राहिला असता. स्विच रेडिएटरच्या खालच्या, थंड बाजूला असेल तर हिशोब बदलतो. तिथे कमी आकड्यांचा चालतो.

बसवण्याआधी स्विच पातेल्यातल्या पाण्यात धरून, पाणी हळूहळू उकळीपर्यंत नेत तपासा. आट्यांचा भाग पाण्यात, तळाला न टेकवता, शेजारी थर्मामीटर आणि मल्टिमीटर बीपवर. मी भंगारातून दोन आणले होते. एक पाणी उकळलं तरी मुका, दुसरा नव्वदीच्या थोडं पुढे गेल्यावर ओरडला. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता याची अडचण. रेडिएटरला आट्यांचं तोंड नसेल तर वरचा होज मध्ये कापून अॅल्युमिनियमचा जोडतुकडा घालावा लागतो. म्हणजे दोन नवे जोड. पण हे जोड गोलावर गोल असे असतात, मध्ये नळी नाही, आणि माझ्याकडे ते आजवर कोरडे आहेत. स्विच एका पिनचा असेल तर तो अर्थ स्वतःच्या आट्यांतून घेतो, आणि हा तुकडा दोन्ही बाजूंनी रबरात अडकलेला. त्याला वेगळी अर्थ वायर द्यायला विसरू नका. आट्यांवर भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी अर्थ तुटू शकतो. मला हे कळायला एक संध्याकाळ लागली. दोन पिनचा स्विच मिळाला तर ही भानगडच नाही. कूलंट कमी झालं तर वरच्या होजमधला स्विच हवेत लोंबतो आणि उशिरा जागा होतो, ही मात्र खरी उणीव. नळीवाल्यालाही ती होतीच.

तापमान बदलायचं तर स्विचच बदलावा लागतो. मला तशी वेळ आली नाही. उलट कुणाचा गुडघा लागून सेटिंग हललं, हा प्रकार संपला, तो मला फायदाच वाटतो.

बटण मी पूर्ण काढलं नाही. मध्ये बंद असलेलं तीन स्थितींचं बटण घेतलं. मधली पिन रिलेच्या 85 ला, एक बाजू थर्मोस्विचला, दुसरी सरळ अर्थला. वर ऑटो, मध्ये बंद, खाली चालू. पाणी आलं की मध्ये, पलीकडे गेलं की वर. एकदा वर करायचं राहिलं, म्हणून मधल्या स्थितीत पेटणारा लाल दिवा जोडलाय. चावी बंद केल्यावरही फॅन फिरत राहावा असं काहींना वाटतं. मी ते केलं नाही. पंप थांबल्यावर फॅन फक्त रेडिएटरमधलंच पाणी गार करतो, आणि ती बॅटरी मला विंचसाठी, म्हणजे अडकलेली गाडी दोरानं ओढणाऱ्या मोटरसाठी, हवी असते.

फॅन हळूहळू उचलणारे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरही आहेत. मित्राच्या गाडीत आहे, हेडलाइट मंदावत नाहीत, ऐकायला फार छान. गाडी जास्त रस्त्यावर आणि क्वचित चिखलात जात असेल तर कदाचित तोच घ्यावा. माझ्या स्विचची खात्री वेगळी आहे. तो मेला तर त्याच्या वायरीला वायरच्या तुकड्यानं अर्थ दिला की फॅन घरी पोहोचेपर्यंत चालतो. तो तुकडा, दोन्ही टोकांना क्लिप लावून, रिलेच्या शेजारीच बांधून ठेवलाय. अजून सोडावा लागलेला नाही.

भंगारात फॅन काढायला जाल तेव्हा सोबत 24 किंवा 29 चा पाना न्या आणि तो पितळी तुकडाही काढून घ्या. प्लग आणि हातभर वायर त्याच्यासकट कापा.