नऊ महिने रेकॉर्ड प्लेअर वापरला, आणि शेवटच्या गाण्याची भानगड

घेतला तेव्हा घरात सगळ्यांचं एकच, फोनवर फुकट वाजतंय की सगळं, मग ह्यात अठरा हजार कशाला घालायचे. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. कॉलेजपासून क्लासिक रॉकचं वेड, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड, क्वीन, बीटल्स हे बँड, पण सगळं ऐकलं ते एमपीथ्री आणि नंतर हेडफोनवर, खरी रेकॉर्ड कधी हातात नाही. म्हणलं एकदा बघू तरी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि मला वाद नकोत. साधा, रबरी बेल्टने तबकडी फिरवणारा प्लेअर आहे, पूर्ण मॅन्युअल, म्हणजे सुई आपण ठेवायची आणि आपणच उचलायची.

पहिले दोन दिवस आवाज फाटका. व्होकल सगळं चिरकलेलं, बेस नुसता भसाभसा. दुकानदाराला फोन करून दोन शब्द सुनावले पण, आणि तिसऱ्या दिवशी कळलं की प्लेअरच्या मागे प्रीॲम्पचं (सुईचा बारीक आवाज वाढवणाऱ्या सर्किटचं) बटण चालू आहे आणि मी वायर लावलीय ॲम्पच्या फोनो इनपुटला, जिथे तेच सर्किट आधीच असतं, म्हणजे आवाज दोनदा वाढतोय. होतं असं की रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाचा एवढ्या रुंद होतील की एका बाजूला दहा मिनिटं पण बसायची नाहीत, आणि वाजवताना प्रीॲम्प तो बेस परत भरून देतो. माझ्याकडे तो दोनदा भरला जात होता. दुकानदाराला सॉरी म्हणलो, तो हसला, म्हणाला रोज एक जण करतो असा फोन.

दुसरी गोष्ट सुईचं वजन, म्हणजे सुई रेकॉर्डवर किती दाबते ते. अंदाजपंचे ठेवू नका राव. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा मिळतो दोन-तीनशेला, तो घ्या. माझ्या कार्ट्रिजला (सुई बसते त्या डबीला) 2 ग्रॅम सांगितलंय, मी डोळ्यांनी ठेवलेलं ते काट्यावर साडेतीन निघालं, म्हणजे महिनाभर मी रेकॉर्ड नांगरत होतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

झेपेलिनची चौथी रेकॉर्ड, 1971 ची, जिच्या कव्हरवर ना बँडचं नाव ना अल्बमचं, ती लावली. 'स्टेअरवे टू हेवन' पहिल्या बाजूला अगदी शेवटी आहे. आठ मिनिटांचं गाणं, सुरुवात एकदम हळू, आणि शेवटी गिटारवाल्या पेजचा सोलो आणि गायक प्लांटचं ओरडणं. आणि नेमकं तिथेच माझा प्लेअर कच खातो. 'स' चा 'श्श' होतो, गिटारला काठावर खरखर. वाटलं पीस खराब आला. मग बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' मधलं 'अ डे इन द लाइफ' लावलं, तेही दुसऱ्या बाजूला शेवटी, तीच बोंब. क्वीनची 'अ नाइट ॲट द ऑपेरा', त्यात 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' शेवटून दुसरं, तिथेही तेच. तेव्हा ट्यूब पेटली. रेकॉर्ड फिरते त्याच वेगाने, मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच जाते आणि आत लेबलजवळ जेमतेम 20-22. म्हणजे तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. आणि ह्या लोकांनी आपलं सगळ्यात भारी, सगळ्यात मोठ्या आवाजाचं गाणं ठेवलं कुठे, तर तिथे! कारण बाजू संपताना माणूस थक्क होऊन बसला पाहिजे. यंत्राला काय झेपतं ते नंतर बघू. मला हे फार आवडलं, खरंच.

गोल टोकाची सुई काढून लंबगोल टोकाची घातली तेव्हा ऐंशी टक्के खरखर गेली. तीन हजार गेले पण वसूल.

फ्लॉइडचं 'डार्क साइड ऑफ द मून' मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल, पण बाजू उलटायला उठावं लागतं तेव्हा काय होतं ते आत्ता कळलं. पहिली बाजू संपते क्लेअर टॉरी ह्या गायिकेच्या आवाजावर. शब्द नाहीतच, नुसता आवाज. जानेवारी 1973 मधल्या एका रविवारी तिला ॲबी रोड स्टुडिओत बोलावलं, सेशनचे 30 पौंड दिले, आणि तिला वाटलेलं हे काही वापरणार नाहीत. पुढे 2004 मध्ये कोर्टात गेली तेव्हा कुठे गाण्याच्या रचनाकारांत तिचं नाव आलं. तर तो आवाज विरतो, सुई टकटक करत राहते, तुम्ही उठता, रेकॉर्ड उलटता, ब्रश फिरवता, आणि पुढचं गाणं 'मनी' सुरू होऊन धाडकन नाणी पडायला लागतात. फोनवर ही शांतता मिळतच नाही.

झेपेलिनच्याच दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराच्या हॉलमध्ये त्यांच्या ड्रमर बॉनमचे ड्रम मांडले आणि दोन माईक टांगले वर जिन्यावर, बास. इतकी वर्षं मी ड्रम ऐकत होतो, ह्यावेळी जिना ऐकू आला.

क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याच्याबद्दल तर काय बोलायचं. पाचगणीला गेलं की त्या सेंट पीटर्स शाळेसमोर माझी गाडी आपोआप हळू होते. झांझिबारचा पारशी पोरगा, फारुख बलसारा, आठेक वर्षांचा असताना इथे होस्टेलला, इथेच पियानो, इथेच पहिला बँड 'द हेक्टिक्स'. आणि 1975 मध्ये हाच माणूस 5 मिनिटं 55 सेकंदांचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सिंगल म्हणून (एकट्या गाण्याची रेकॉर्ड) काढतो, लोक म्हणतात रेडिओवर कोण लावणार एवढं लांब, आणि ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे एक नंबरला. ऑपेराच्या भागात आवाजावर आवाज इतके चढवले की टेप झिजून आरपार दिसायला लागली, असं क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे सांगतो. बायको म्हणते पाचगणीला लोक स्ट्रॉबेरी खायला जातात.

आता तक्रार. सहाव्या महिन्यात, मे च्या उकाड्यात, बेल्ट सैल पडला. मला कळलं कसं? 'अ डे इन द लाइफ' च्या शेवटी तो पियानोंवर एकदम दाबलेला एकच कॉर्ड (सुरांचा गुच्छ) आहे ना, चाळीसेक सेकंद घुमत राहतो, तो चक्क डुलायला लागला. गिटारमध्ये कळत नाही, लांबलेल्या पियानोत लगेच कळतं, वेग तपासायचा असेल तर हीच टेस्ट करा. वॉरंटीत बेल्ट मागितला तर बेल्ट 'झीज होणारा भाग' म्हणून बसत नाही म्हणे, आणि विकत मागवला तर अठरा दिवस लागले, मध्ये तीन वेगवेगळ्या माणसांना तीच कथा सांगितली. ह्याचा एक मार्क कापतोय, बाकी पाचात चार.

आणि हो, मॅन्युअल प्लेअरची गंमत. मामाकडची 'सार्जंट पेपर' ची जुनी ब्रिटिश प्रत आणली होती. ती लावून मी सोफ्यावर झोपलो. त्या प्रतीत शेवटच्या खाचेत बीटल्सनी काहीतरी बडबड भरून ठेवलीय, सुई उचलली नाही तर ती गोल गोल चालूच राहते. आई रात्री पाण्याला उठली आणि मला हलवून म्हणाली, अरे तुझं यंत्र बघ कसं बरळतंय.

पावसाळ्यात रेकॉर्डवर बुरशी येते, डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब पुरतो, लेबल तेवढं भिजवू नका.

मागच्या रविवारी जुन्या बाजारात 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' चा खोका मिळाला सातशेला. तीन रेकॉर्डी पाहिजेत, दोनच निघाल्या, पण पहिली होती. 1 ऑगस्ट 1971, न्यूयॉर्क, रविशंकर आणि अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखा. ते नुसती वाद्यं जुळवून घेतात आणि लोक टाळ्या वाजवतात. बाबा, ज्यांना भीमसेनजींच्या पुढे काही चालत नाही, ते पेपर घेऊन बसले होते. टाळ्या आल्या तसे खो खो हसले. म्हणाले, वेडेच आहेत, अजून सुरू कुठे झालंय. मग पेपर खाली ठेवून पूर्ण धून ऐकली, मांडीवर ठेका धरून. नंतर मी पुढची बाजू लावली, बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनची गिटार सुरू झाली, तर 'चालू दे तुझं' म्हणून चप्पल घालून बाहेर.