साडेसहाशेचं केसिंग, आठ महिने आणि तो निळा दिवा

ऑक्टोबरात लिहायला बसलो असतो तर एक तारा दिला असता, तोही नाइलाजाने. आता आठ महिने झालेत, राग बराचसा निवळलाय. निळ्या दिव्याचा राग सोडून. तेव्हा आधी तोच विषय संपवतो.

हे हार्ड डिस्कचं केसिंग, म्हणजे सुटी डिस्क यूएसबीने जोडायची डबी, जूनमध्ये पुण्याच्या तपकीर गल्लीतून ६५० रुपयांना घेतलं. मेलेल्या लॅपटॉपमधली १ टीबीची अडीच इंची डिस्क ठणठणीत होती, ती कपाटात कुजवायची कशाला, एवढाच हिशोब. स्क्रू लागत नाहीत, झाकण सरकतं, लांबून अॅल्युमिनियम वाटतं. पण पुढच्या बाजूचा निळा एलईडी! तो दिवा नाही, बॅटरी आहे. माझा लिनक्सवाला लॅपटॉप हॉलमध्ये असतो आणि आई हॉलमध्येच झोपते. दुसऱ्याच रात्री तिने विचारलं, "बाहेर पोलिसांची गाडी आलीय का रे?" त्याहून संतापजनक म्हणजे डिस्क रीतसर अनमाउंट केली (सिस्टीमपासून सोडवली), पॉवर-ऑफची आज्ञा दिली, आतली फिरकी थांबल्याचं बोटाला कळलं, तरी दिवा चालूच. पोर्टातले ५ व्होल्ट माझ्या लॅपटॉपवर तसेच राहतात, म्हणून. मग डिस्क आता ओढू का नको, हे सांगायला तो दिवा लावलाय तरी कशाला?

असो. पहिले चार महिने फोटो चढवणं-उतरवणं एवढंच चाललं, काही बिघडलं नाही. ऑक्टोबरात आप्पांच्या भजनांच्या ६० कॅसेट डिजिटल करून झाल्या. ९० मिनिटांची एक कॅसेट म्हणजे साधारण साडेनऊशे एमबी, सगळं मिळून ५५-५७ जीबी. यूएसबी ३ ला दहा मिनिटांचं काम. आरसिंक (फाइल कॉपी करणारी आज्ञा) लावलं आणि चहा टाकायला गेलो. परत येतो तर आकडा जागच्या जागी गोठलेला. कंट्रोल-सी दाबलं, काही नाही. किल माइनस नाइन, म्हणजे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करायची आज्ञा, तरी काही नाही. प्रोसेस ‘डी’ अवस्थेत, म्हणजे कर्नलच (लिनक्सचा गाभा) डिस्कच्या उत्तराची वाट बघत बसलेला. तिथे आपलं कुणी ऐकत नाही.

डीमेसेज, म्हणजे कर्नलची रोजनिशी, उघडलं. आधी यूएएसच्या (यूएसबी डिस्कशी बोलायची नवी पद्धत) अबॉर्ट हँडलरच्या ओळी, मग ‘रीसेट सुपरस्पीड’, पुन्हा रीसेट, मग डिव्हाइस ऑफलाइन, आणि शेवटी ईएक्सटी४ ने (डिस्कवरच्या फाइल सांभाळणारी व्यवस्था) फाइल सिस्टीम रीड-ओन्ली केल्याची सूचना. आणि गंमत म्हणजे त्याखाली तीच डिस्क नव्याने जोडल्याची नोंद! केबलला कुणी हात लावला नव्हता, पण कर्नलच्या लेखी कुणीतरी डिस्क उपटून परत खोचली होती. कर्नलने दिलेलं तिचं नाव एसडीबी होतं ते आता एसडीसी झालं, कारण एसडीबीचं नाव जुन्या माउंटने अडवून ठेवलेलं. फाइल मॅनेजरमध्ये डिस्क दिसते, पण जुन्या फोल्डरात गेलं की इनपुट-आउटपुट एरर.

पहिला संशय डिस्कवर. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत, रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर शून्य, पेंडिंग (संशयित) शून्य. सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेला डेटा, तोही शून्य, म्हणून केबलही बरी असं ठरवून टाकलं. हा माझा गाढवपणा. तो आकडा डिस्क आणि केसिंगमधली चिप यांच्यातल्या साटा जोडणीचा असतो, यूएसबी केबलचा त्याच्याशी काही संबंध नाही. केबल बदलली. तेच.

दुसरा संशय विजेवर. इंटरनेटवर दर दुसरा माणूस हेच सांगतो, पॉवर कमी पडतेय, पॉवरवाला हब घ्या. हबची किंमत केसिंगच्या दुप्पट, म्हणून आधी फुकटातला प्रयोग केला. डिस्क शेजारच्या यूएसबी २ पोर्टात लावली. सगळ्या ६० कॅसेट उतरल्या. सेकंदाला ३५ एमबीच्या कासवगतीने, पण उतरल्या. क्षणभर वाटलं विजेचंच खरं, आणि मग ट्यूब पेटली: यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३ चा ९००. कमी विजेवर चालते आणि जास्तीवर मरते, मग वीज कशी दोषी? एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी आज्ञा) ‘टी’ पर्याय देऊन चालवलं तेव्हा उलगडा झाला. यूएसबी २ वर ड्रायव्हर होता जुना यूएसबी-स्टोरेज, ३ वर यूएएस.

जुन्या पद्धतीत एक आज्ञा द्यायची, ती पुरी होईपर्यंत थांबायचं, मग दुसरी. यूएएसमध्ये आज्ञांची रांग एकदम पाठवता येते. लिनक्समध्ये हा ड्रायव्हर २०१४ च्या ३.१५ कर्नलपासून नीट वापरात आला. केसिंगची चिप सांगते, मला हे जमतं. कर्नल विश्वास ठेवतो. भार वाढला की चिप गप्प. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. अशा उपकरणांची यादी कर्नलच्या सोर्समध्येच ठेवलेली आहे. माझं तीत नव्हतं.

मी मात्र तोवर कर्नललाच शिव्या घालत होतो, कारण भाच्याच्या विंडोजवर हेच केसिंग दोन तास कुरकुर न करता चाललं होतं. कंपनीच्या सपोर्टनेही तेच धरलं, "सर, विंडोजवर चालतंय ना? मग प्रॉडक्ट ओके आहे." दुकानदार निदान खरं बोलला, "साहेब, साडेसहाशेत किती बघता?" शेवटी मित्राचं जुनं केसिंग आणलं. तीच डिस्क, तोच पोर्ट, तोच कर्नल, ड्रायव्हरही यूएएसच. रात्रभर चाललं. कर्नलची मनातल्या मनात माफी मागितली.

उपाय एका ओळीचा, आणि फुकट. मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर चढवणाऱ्या आज्ञेच्या) फोल्डरात एक फाइल, तीत यूएसबी-स्टोरेजचा क्वर्क्स, म्हणजे उपकरणाच्या खोडी सांगायचा, पर्याय, केसिंगचा व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी आणि शेवटी ‘यू’ हे एक अक्षर, मध्ये कोलन. मशीन रीस्टार्ट केलं. काही फरक नाही! दोन संध्याकाळी यात गेल्या. ड्रायव्हर इनिटरामएफएसमधूनच, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चढणाऱ्या छोट्या सिस्टीमच्या प्रतिमेतूनच, चढत होता आणि त्यात माझी ओळ नव्हतीच. माझ्या डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) ती प्रतिमा अपडेट केली, तेव्हा कुठे डीमेसेजमध्ये हवं ते वाक्य दिसलं, की या डिव्हाइससाठी यूएएस दुर्लक्षित.

वेग सेकंदाला ११० एमबीवरून १०५ वर आला. फिरत्या डिस्कला तेवढा फरक कुणाला कळतो? आत एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घालणार असाल तर मात्र हे केसिंग घेऊ नका, तिथे रांगेचा खरा फायदा असतो आणि तोच इथे बंद करावा लागतो. तेव्हापासून एकही रीसेट नाही. आप्पांच्या तीन फाइल एफएससीकेनंतर (फाइल सिस्टीमच्या दुरुस्तीनंतर) लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये, म्हणजे बेवारस तुकड्यांच्या फोल्डरात, सापडल्या, कॅसेट हाताशी होत्या म्हणून पुन्हा भरल्या.

साडेतीन तारे. एक चिपच्या थापेचा कापला, अर्धा दिव्याचा. तरी गेल्या आठवड्यात दुसरी जुनी डिस्क हाताला लागली आणि हेच केसिंग परत आणलं. व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी तेच असल्यामुळे ती क्वर्क्सची एक ओळ दोन्हींना पुरते, नवीन काही शोधायला नको. फक्त दोन्ही केसिंगांचा सीरियल नंबरही हुबेहूब एकच निघाला! त्यामुळे सीरियल नंबरवरून डिस्क ओळखणाऱ्या बाय-आयडीच्या यादीत दोघांत मिळून एकच नाव दिसतं. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची ती यादी) यूयूआयडीच, म्हणजे फाइल सिस्टीमचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाका, सोबत नोफेल, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन सुरू होताना अडणार नाही.

पहिल्याच्या दिव्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा एक थर पुरला होता. दुसऱ्याला दोन लावलेत, तरी कडेने निळं दिसतंच.