उन्हाळ्यात गॅलरीत काय लावायचं आणि मंडईतून काय आणायचं

एप्रिल उजाडला की ठाण्या-नवी मुंबईच्या बाजारात पालेभाजीची जुडी बारीक होते आणि भाव चढतो. सकाळी टवटवीत दिसणारी मेथी दुपारपर्यंत गाडीवर मान टाकते. घरी आणून निवडली की निम्मी कचऱ्यात जाते, म्हणजे पैसे जुडीचे द्यायचे आणि भाजी अर्ध्या जुडीची खायची. यंदा गॅलरीत चार कुंड्या लावून हा खर्च आटोक्यात आणावा असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब मांडते आहे.

माझं मत आधीच सांगते. जी भाजी किलोवर मिळते ती मंडईतून आणावी, जी जुडीवर मिळते ती घरी लावावी. याला दोन-तीन अपवाद आहेत, ते पुढे येतील.

भेंडीचंच घ्या. कोवळी भेंडी साधारण १० ते १२ ग्रॅमची. चार माणसांच्या एका वेळच्या भाजीला अर्धा किलो धरली तर चाळीस-पन्नास भेंड्या झाल्या. एक झाड एक-दोन दिवसांआड एखादी भेंडी देतं. म्हणजे एका तोड्यात पुरेशी भाजी हवी तर चाळीसेक झाडं लागतील. तीन-चार दिवसांच्या भेंड्या फ्रिजमध्ये साठवून भाजी करायची म्हटलं तरी वीसेक झाडं हवीतच. प्रत्येकाला बारा इंची कुंडी. माती ओली असताना अशा कुंडीचं वजन २५ किलोच्या घरात जातं. वीस कुंड्या म्हणजे पाचशे किलो, आणि ते गॅलरीच्या कठड्यालगत! शिवाय पांढरी माशी आली की केवडा पडतो, पानं पिवळ्या शिरांची होतात आणि झाड उपटावंच लागतं. गवारीचं गणितही याच वळणाचं. या दोन्ही भाज्या विकतच घ्याव्यात.

दोडका, पडवळ, काकडी यांचा वेल ग्रिलवर छान चढतो, म्हणून पुष्कळजण तिथूनच सुरुवात करतात. वेल वाढतो, फुलांनी भरतो आणि कोवळी फळं बोटाएवढी होऊन गळतात. कारण बहुतेक वेळा साधं असतं. दहाव्या-बाराव्या मजल्यावर मधमाश्या फारशा फिरकत नाहीत. दोडक्याचं फूल उमलतं संध्याकाळी. त्या वेळी नुसत्या देठावरचं नरफूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि ज्या फुलामागे चिमुकला दोडका दिसतो त्याच्या मधोमध पराग हलकेच टेकवायचे. काकडीचं हेच काम सकाळी. ज्यांना रोज संध्याकाळी घरी असणं जमतं आणि सोसायटीने गच्ची वापरू दिली आहे, त्यांनी दोडका जरूर लावावा. घरच्या कोवळ्या दोडक्याची हरभऱ्याची डाळ घालून केलेली भाजी आणि त्याच्याच शिरांची तीळ घालून चटणी, म्हणजे एका फळात दोन पदार्थ. बाकीच्यांनी मंडईतला दोडका घेऊन शिरांची चटणी तेवढी चुकवू नये.

आता जुडीची बाजू. इथे गॅलरी सरळ जिंकते, पण सगळ्याच पालेभाज्यांत नाही. पालक आणि मेथी या थंडीच्या भाज्या, आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात त्या लवकर तुऱ्यावर येतात. कोथिंबिरीचंही तसंच. ऊन ३५ अंशांपुढे गेलं की धणे धड उगवत नाहीत, उगवले तरी रोप चार पानांवर फुलायला बघतं. ती विकतच आणावी आणि देठ टाकू नयेत, हिरव्या वाटणाला खरी चव देठांचीच येते.

लाल माठाचं मात्र याच उन्हात फावतं. तीन-चार दिवसांत उगवतो, महिन्याभरात कापायला येतो. दोन-दोन इंच खोड ठेवून कापला तर पुन्हा फुटतो, दोन-तीन कापण्या सहज मिळतात. बियाणं विकत आणायचं नसेल तर वाण्याकडचा कच्चा राजगिरा पेरा, तोही माठाचाच भाऊबंद आणि पाला तितकाच चवीचा. लाह्या मात्र उगवत नाहीत. माठाला सहा इंच माती पुरते, त्यामुळे महागड्या कुंड्या नकोत. आंब्याची लाकडी पेटी मिळाली तर आत गोणपाट घालून त्यात माती भरावी. दर आठवड्याला एक पेटी पेरत गेलं की खंड पडत नाही.

पेटीभर माठ शिजून वाटीभर होतो, अशी तक्रार ऐकू येते. तिला उत्तर स्वयंपाकघरात आहे. लसणाची फोडणी चांगली लाल होऊ द्या, बारीक चिरलेला माठ घाला, पाणी सुटलं की वरून चार चमचे बेसन भुरभुरवा. गुठळी मोडत परता आणि झाकण ठेवून दोन वाफा काढा. पीठ पेरलेली ही भाजी चौघांना भाकरीशी पुरून उरते. जून देठ वेगळे काढून ठेवले तर दुसऱ्या दिवशी वरणात जातात.

मेथीशिवाय ज्यांचं चालत नाही त्यांनी समुद्रमेथी करावी. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत होते तीच, इवल्या जुड्यांनी विकली जाणारी. मेथीदाणे रात्रभर भिजवून पसरट ट्रेमध्ये दाट पेरायचे आणि दहा-बारा दिवसांत, कोवळी असतानाच कापायची. झाडाला मोठं होऊच द्यायचं नाही, त्यामुळे उन्हाळा आडवा येत नाही.

पण एकच गोष्ट लावायची असेल तर मी मायाळू सांगेन. बाजारातून आणलेल्या जुडीतलं जाड देठ मातीत खोचलं की मूळ धरतं. वेल ग्रिलवर चढतो, परागीकरणाची भानगड नाही, कीडही कमी. पानं खुडत राहिलं की नवी येत राहतात. तूरडाळ, शेंगदाणे, चिंच-गूळ घालून पातळ भाजी करावी, अळूच्या फदफद्याच्या जवळ जाणारी आणि घशाला न खाजणारी. पाहुणे आले तर त्याच पानांची भजी.

किलोवाल्यांतला अपवाद मिरचीचा. एका वेळी दोन-चारच लागतात आणि एक झाड बरेच महिने टिकतं. पानं आक्रसायला लागली तर तो चुरडामुरडा, तेवढं झाड बाजूला काढावं. पुदिना आणि कढीपत्ताही घरचाच बरा.

दिशेबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मेच्या मध्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे हिवाळ्यात उन्हाने न्हाणारी दक्षिणेची गॅलरी मे महिन्यात जवळजवळ सावलीत जाते. तिथे पुदिना चालेल, मिरची नाही. पूर्वेची गॅलरी सर्वांत सोयीची. पश्चिमेला दुपारनंतरचं ऊन भाजून काढतं, तिथे हिरवी जाळी बांधावीच लागते.

पाण्याचा हिशेबही स्वच्छ करायला हवा. नवी मुंबईला मोरबे धरणाचा आधार आहे. घोडबंदर रोडवरच्या कित्येक संकुलांना मात्र उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात. टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या भाजीला काटकसर म्हणता येत नाही. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेल्या पाण्यात जेवढ्या कुंड्या भागतात तेवढ्याच ठेवाव्यात. चौघांच्या घरात चार-पाच पेट्या त्यावर निघतात.

मंडईतून आणायचं ते मोसमाचं आणि टिकाऊ आणावं. दुधी, लाल भोपळा, काकडी, कैरी, कुयरी (कोवळा फणस). अख्खा लाल भोपळा फ्रिजबाहेर आठवडेच्या आठवडे राहतो. दुधीची साल फेकू नये, तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं, लाल तिखट घातलं की चटणी तयार. ठाण्यात जांभळी नाक्याला सकाळी निवड चांगली मिळते. तुर्भ्याच्या एपीएमसीचा, म्हणजे बाजार समितीचा, फायदा घाऊक घेणाऱ्याला. एकट्या घरासाठी तिथवरचं जाणं-येणं बचत खाऊन टाकतं, शेजारची चार घरं वाटून घेणार असतील तरच जावं.

हे सगळं जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंतचं. पावसाच्या माऱ्याने माठ आडवा होतो, आणि त्याच सुमारास येऊर-शहापूरकडच्या आदिवासी बाया शेवळं, टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या घेऊन बाजारात बसतात. तेव्हा पालेभाजी त्यांच्याकडून घ्यावी, शेवळांबरोबर काकडं, म्हणजे त्यांची खाज मोडणारी आंबट रानफळं, मागून घ्यावीत. गॅलरीत रिकाम्या झालेल्या पेट्यांत अळूचे कंद लावले तर श्रावणात वडीची पानं घरची मिळतात. कंद घेताना काळसर देठाचे मागावेत, ते वडीचे. हिरव्या देठाचं अळू भाजीचं.