बॅटरीवाला एअर पंप, चेरी श्रिंप आणि वीस रुपयांचा व्हॉल्व: अकरा महिन्यांनंतर

काल कस्टमर केअरवाल्याने तिसऱ्यांदा तेच ऐकवलं, सर पंपात पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. म्हणून आज लिहायला बसलोय. पंप म्हणजे लाईट गेली की आपोआप बॅटरीवर जाणारा, दोन नळ्यांचा, गेल्या ऑगस्टमध्ये साडेअकराशेला घेतलेला. त्याच्या हवेवर चालणारे दोन स्पंज फिल्टर, दोन फुटी टाकी, जावा मॉस आणि ॲन्युबियस ही पाण्यातली झाडं, आणि चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी लाल कोळंबी. आम्ही रत्नागिरीजवळ राहतो, पावसात लाईट जाणं काही नवीन नाही, पण मे २०२१ ला तौक्ते वादळाच्या वेळी आमच्याकडे तीन दिवस लाईट नव्हती आणि माझे सगळे गप्पी मासे गेले, तेव्हाच ठरवलं की परत टाकी लावली तर बॅटरीशिवाय नाही.

श्रिंप पंधरा, कुर्ल्याच्या मार्केटमधून भावाने गणपतीला येताना कोकणकन्येतून आणले. रात्रभराचा प्रवास करून एकही मेला नाही. नळीला गाठ मारून थेंब थेंब पाणी सोडत अडीच तास लावले तेव्हा कुठे टाकीत सोडले.

आणि मग दसऱ्यापासून मरायला लागले. आठवड्याला एक, कधी दोन. मी सगळा दोष पंपाला दिला, बुडबुडे कमी पडतात, थरथरीने घाबरतात, काय काय. दोन महिन्यांनी रिव्ह्यू लिहून एकच स्टार दिला होता. ते आता मागे घेतो, मरण्यात पंपाचा काही दोष नव्हता.

झालं असं की एक मादी मॉसवर आडवी पडलेली दिसली, पाय हलत होते, टॉर्च मारून बघितलं तर डोकं आणि पाठ जिथे जुळतात तिथे गोल पांढरी कड, दोऱ्याने आवळल्यासारखी. कात टाकायला गेली आणि कवच नीट फुटलंच नाही. संध्याकाळी गेली. मी आईला म्हटलं पाण्यात काहीतरी कमी आहे, तर ती म्हणाली, "अरे आपल्या विहिरीचं पाणी हलकं, डाळ लगेच शिजते, अंगाचा साबण जाता जात नाही, त्यात चुना कुठनं येणार?" टीडीएस मीटर आणला, तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, विहिरीचं पाणी ४८. या श्रिंपना दीडशे ते अडीचशे लागतो, जीएच, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा जडपणा, सहा ते आठ. आमची विहीर सगळी जांभ्यातली, तिच्यात कॅल्शियम नाहीच. आणि मी काय करत होतो, श्रिंप मेला की घाबरून अर्धं पाणी बदलत होतो, म्हणजे आणखी तेच हलकं पाणी ओतत होतो, वर अचानक पाणी बदललं की श्रिंप वेळेआधी कात टाकायला जातात. जे वाचवायला करत होतो त्यानेच मरत होते, हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. पंधरातले सहा उरले होते.

उपाय घरातच होता. तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, वाळवून, बत्त्याने फोडून जाळीच्या पिशवीत बांधल्या आणि स्पंजच्या बुडाशी ठेवल्या. किनाऱ्यावर समुद्रफेस वाहून येतो तो पण खळखळून धुऊन एक तुकडा टाकला. पाणी थोडं आंबट असेल तर हे हळूहळू विरघळतं, महिन्याभरात टीडीएस एकशे दहा. बाकीसाठी पाण्याचा जडपणा वाढवणारी जीएच-केएचची पावडर घेतली, ती महाग आहे पण चिमूटभरच लागते. पाणी आता आठवड्याला दहा टक्के, त्याच्यावर नाही.

जानेवारीत पहिली अंडीवाली मादी. पोटाखाली पिवळसर पंचवीस-तीस अंडी, आणि ती पायांनी सतत वारा घालते त्यांना, मी जेवण सोडून बघत बसायचो. तीन-साडेतीन आठवड्यांनी अंड्यांत काळे ठिपके दिसले, ते पिल्लांचे डोळे, आणि दोन दिवसांनी मॉसवर जिऱ्याच्या दाण्यापेक्षा बारीक पिल्लं, आकार मात्र अगदी आईचाच. खाडीच्या पाण्याची वगैरे भानगड नाही, अमानो श्रिंप या दुसऱ्या जातीच्या पिल्लांना लागते तशी. इथे स्पंज फिल्टरला पैकीच्या पैकी मार्क, एक पिल्लू ओढलं जात नाही, उलट स्पंजवरच चरतात.

मेमध्ये टाकीचं पाणी ३१ अंशांवर गेलं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, त्यामुळे पंप रात्रंदिवस फुल, वर छोटा पंखा, दोनेक अंश उतरतं. पाणी आटतं पण क्षार मागे राहतात, म्हणून भर घालायला आमचं तेच हलकं पाणी उत्तम! आणि पंप खोलीतलीच हवा ओढतो, त्या खोलीत मच्छरचं लिक्विड किंवा कॉइल लावू नका, त्यातलं औषध श्रिंपना विष आहे.

आता व्हॉल्व. बॅटरी दहा तास म्हणून लिहिलंय, मला साडेसहा मिळतात, तेही चालवून घेतलं असतं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री आठला लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मध्यरात्री कधीतरी बॅटरी संपली, पंप टाकीच्या शेजारी टेबलावर होता, म्हणजे पाण्याच्या पातळीच्या खाली, हवा थांबल्यावर पाणी नळीतून उलटं आलं आणि थेट पंपात. सकाळी लादीवर थारोळं, टाकी चार बोटं खाली, पंप बंद. श्रिंप सगळे जिवंत, नशीब.

हे होऊ नये म्हणून नळीत एक छोटा चेक व्हॉल्व घालतात, तो हवा पुढे जाऊ देतो पण पाणी उलटं येऊ देत नाही. वीस रुपये! साडेअकराशेच्या पंपात, ज्याचं कामच लाईट गेल्यावर आहे, त्यात हा वीस रुपयांचा तुकडा दिलेला नाही. कस्टमर केअर म्हणतो पंप पाण्यापेक्षा वर ठेवा असं खोक्यावर लिहिलंय. लिहिलंय, खोक्याच्या बुडाला, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात, आणि त्याच खोक्यावर पुढे मोठा रंगीत फोटो आहे त्यात पंप टाकीच्या शेजारी टेबलावरच ठेवलाय! तो फोटो मी त्यांना तीनदा पाठवला, उत्तर नाही, पुढच्या खरेदीवर वीस टक्के सूट देतो म्हणे. मला सूट नको होती, चूक मान्य करायला हवी होती.

शेवटी स्टँडजवळच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या मुलाने बोर्ड साफ करून दिला, दीडशे घेतले, पंप चालू झाला. म्हणून स्टार एकाचे तीन करतो, मोटर खरंच चांगली आहे, आवाज कमी आहे, खाली जुना टॉवेल घडी करून ठेवला तर झोपेत ऐकू पण येत नाही. पण व्हॉल्वचे दोन स्टार देणार नाही म्हणजे नाही. व्हॉल्व लावताना तोंडाने फुंकून बघा, ज्या बाजूने फुंक जाते ती बाजू पंपाकडे.

आज टाकीत साठ-सत्तर तरी असतील, मोजता येत नाहीत. शेजारच्या मुलाला दहा दिले, नंतर पावस गावी मावशीकडे बारा. पिशवीबरोबर एक व्हॉल्व आणि मूठभर शिंपल्या देतोच, त्याचे पैसे घेत नाही.