बाहेर पाय पडला की लगेच शिट्टी? जुना नियम आणि नवा नियम

अमेरिकेतल्या हायस्कूल बास्केटबॉलमध्ये (नियम एनएफएचएसचे, म्हणजे तिथल्या हायस्कूल खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेचे) आधी काय होतं, की प्लेअर काही कारण नसताना स्वतःहून कोर्टबाहेर गेला की झाली व्हायोलेशन (नियमभंग, पण फाउल नाही). म्हणजे स्क्रीनला (वाट अडवून उभ्या प्लेअरला) वळसा घालायला बेसलाइनच्या (बास्केटमागच्या रेषेच्या) बाहेरून पळाला तर रेफरीने तिथेच शिट्टी मारायची, बॉल दुसऱ्या टीमला, मग त्याचा बॉलशी काही संबंध असो वा नसो. कागदावर एकदम सोपं, पण खरं सांगायचं तर दोन पावलं बाहेर पडली म्हणून गेम थांबवणं मला तरी कायम पोरकट वाटायचं.

2023-24 च्या सीझनपासून ते बदललं. आता बाहेर गेलात तरी चालतं, फक्त परत आत येऊन बॉलला पहिला हात तुमचाच लागला, किंवा तुम्ही दुसरी कुठली व्हायोलेशन चुकवायला बाहेर गेला असाल, उदाहरणार्थ लेनमध्ये (बास्केटसमोरच्या आखलेल्या पट्ट्यात) थांबायचे जास्तीत जास्त 3 सेकंद भरत आलेत म्हणून हळूच बेसलाइनबाहेर सटकलात, तरच शिट्टी. म्हणजे रेफरीने बघायचं ते फायदा झाला का, नुसतं पाऊल नाही. यात डोक्याला ताप जास्त, कारण कोण बाहेर गेलेलं ते लक्षात ठेवून बॉलवरही नजर ठेवायची! तरी मला नवाच बरा वाटतो.

ड्रिबल करणाऱ्याला (बॉलचे टप्पे पाडत नेणाऱ्याला) मात्र सूट नाही हं, टप्प्याच्या मध्ये बॉल हातात नसताना रेषेवर पाय पडला तरी आउट. आणि आत यायला दोन्ही पाय टेकावे लागतात ही निव्वळ अफवा, एक आत टेकला आणि दुसरा बाहेर टेकलेला नसला की पुरे.